रेड लागत नाही म्हणजे ओके

आमच्या ऑफिसला लिफ्ट नाही. खाली कापडाचं दुकान, त्याच्यावर एक सीए, त्याच्यावर बंद पडलेली टायपिंग इन्स्टिट्यूट आणि सगळ्यात वर आम्ही, गच्चीवर पत्रा टाकून केलेली कंट्रोल रूम. बेळगावच्या पावसात ते तीन जिने चढून कोण वर आलं तर ते एकतर बिलाचं भांडण असतंय नाहीतर मालकाचा पाहुणा. त्या दिवशी गणपती चार दिवसांवर आलेले, सकाळपास्नं पाऊस थांबायचं नाव घेईना, आणि दारात एक सत्तरीच्या बाई उभ्या, छत्रीपेक्षा जपून धरलेली एक वही, प्लास्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळलेली, आणि दम खात विचारालत्या, "जाहिराती कोण सोडतो हितं?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा. का कोण जाणे.

मी लोकल केबल च्यानलला आहे, प्लेआउट बघतो. म्हणजे दिवसभराची लिस्ट लावायची, सकाळी भजन, दुपारी मुलाखतींचे रिपीट, सात नंतर बातम्या एकदा मराठीत एकदा कन्नडात, कुठल्या कार्यक्रमात कुठली जाहिरात किती वेळा, मधेच काय लाइव्ह आलं की सगळं सरकवायचं आणि आवाजाकडं लक्ष ठेवायचं. आवाजाकडं लक्ष म्हणजे काय तर एक मीटर आहे, हिरवं पिवळं लाल, लालला टेकलं नाही पाहिजे. मला ज्यानं काम शिकवलं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलेलं, रेड लागत नाही म्हणजे ओके, बाकी डोकं लावायचं नाही. मी पण पुढं दोन पोरांना हेच शिकवलं.

बाईंना खुर्ची दिली, चहा सांगितला. चहा म्हटल्यावर त्यांनी जरा विचित्र बघितलं, ते का ते नंतर कळलं. वही उघडली. दोनशे पानी, पट्टीनं आखलेले रकाने. तारीख, वेळ, कार्यक्रम, आवाज, जाहिरात, आवाज, शेरा. आवाज म्हणजे टीव्हीवर रिमोट दाबल्यावर खाली आकडा येतो तो. एकोणीस दिवसांची नोंद होती, रोज संध्याकाळी सात ते साडेनऊ. अक्षर असं की छापल्यासारखं. एक ओळ मला अजून पाठ आहे, "८.१४ – मुलाखत – ३८. ८.२२ – सराफ – १६. शेरा : म्यूट." त्याच्या खाली परत सराफ, परत म्यूट. पान उलटलं तरी तेच. आणि सगळ्यात शेवटची ओळ आदल्या रात्रीची, लाल पेनानं, "९.०५ – बातम्या – ३६. सराफ – रिमोट सापडला नाही. चहा सांडला."

त्यांच्या मिस्टरांना कमी ऐकू येतं. कानात मशीन आहे पण तरी टीव्ही मोठा करायला लागतो, कारण मुलाखतीत माणूस "आठ" म्हणाला का "साठ" तेच त्यांना कळत नाही. वय झालं की बारीक आवाज आधी जातात, स, श, त, क ही सगळी अक्षरं तिथंच असतात, म्हणून कोणतरी बोलतंय हे ऐकू येतं पण काय बोलतंय ते नाही. म्हणून बाई ३८ वर ठेवतात. आणि मग अचानक आमचा सराफ ढोल-ताशे घेऊन येतो त्याच ३८ वर. कानाच्या डॉक्टरांनी बाईंना सांगितलेलं की अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही पण मोठा आवाज मात्र तुमच्याआमच्याएवढाच लागतो, मधली जागाच कमी झालेली असते. आदल्या रात्री ते दचकले आणि गरम चहा मांडीवर. फार भाजलं नव्हतं, पण बाई चिडलेल्या.

मी काय केलं? जे सगळे करतात ते. मीटर दाखवलं. म्हटलं बाई बघा, ही मुलाखत, पिवळ्यात जातंय, ही जाहिरात, तेवढ्याच पिवळ्यात जातंय, लाल कुठं लागतंय काय? दोन्ही सेम. मशीन खोटं बोलत नाही. तुमच्या टीव्हीत काहीतरी सेटिंग असणार.

बाई उठून मीटरजवळ आल्या. चष्मा वर करून, नाक जवळजवळ काचेला लावून दोन्ही क्लिप बघितल्या. मग म्हणाल्या, "मुलाखतीत हे वर किती वेळा गेलं?"

"दोनदा. पाहुणा हसला तेव्हा आणि कुणीतरी टेबलावर हात आपटला तेव्हा."

"आणि जाहिरातीत?"

जाहिरातीत ते वरच होतं. पहिल्या सेकंदापास्नं विसाव्यापर्यंत, खिळा मारल्यासारखं.

"मग तू सर्वाधिक गुण बघालास बाळ, सरासरी नाही." एवढ्यात त्या तुम्हीवरनं तूवर आलेल्या. "दोन तुकड्या आहेत. दोन्हीत पहिला नंबर ९८. एकीत बाकीचे पंचेचाळीस-पन्नासवर, दुसरीत अख्खा वर्ग ९५ च्या पुढं. तू हेडमास्तरला सांगालास की दोन्ही तुकड्या सारख्या."

मी गप्प. गणिताच्या बाई होत्या त्या, मराठी शाळेत, बत्तीस वर्षं.

आमचा एडिटर पोरगा बैलहोंगलचा आहे, घरात कन्नड, आमच्याशी मराठी, शिव्या दोन्हीत. तो कोपऱ्यात लग्नाचा व्हिडिओ कापत बसलेला आणि सगळं ऐकालता. तो म्हणाला, "सर, नोड्री इल्ली," हितं बघा म्हणून. त्याच्याकडं लाउडनेस मीटरचं, म्हणजे कानाला सरासरी आवाज किती मोठा लागतो ते मोजणारं, एक फुकटातलं सॉफ्टवेअर होतं, यूट्यूब मोठ्या आवाजाचे व्हिडिओ आपोआप खाली ओढतं म्हणून त्यानं ते घालून ठेवलेलं. माझ्या शेजारी वर्षभर ते चालू होतं आणि मी एकदापण विचारलं नव्हतं हे काय आहे. त्यात त्यानं मुलाखत टाकली. −२८. सराफ टाकला. −९. ह्यात आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा.

१९ डीबीचा, म्हणजे डेसिबलचा, फरक. साधारण १० डीबी वाढलं की कानाला आवाज दुप्पट वाटतो, म्हणजे हा जवळजवळ चौपट. आणि माझ्या हिरव्या-पिवळ्यात दोन्ही सेम!

एडिटरनं मग दोघांची वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचं चित्र, स्क्रीनवर एकाखाली एक लावली. मुलाखत म्हणजे मधे मधे झुडपं उगवलेलं माळरान, बोलला की वर, थांबला की सपाट. जाहिरात म्हणजे जांभ्याचा चिरा. वरनं खालनं तासलेला, कुठं फट नाही.

आता हा चिरा कसा होतो ते मला बघून माहीत होतं, लाज वाटायची गोष्ट तीच आहे. कारण ती जाहिरात मिक्स झाली तेव्हा मी त्या स्टुडिओत बसलेलो होतो, सराफ शेठ पण होते. डिजिटलमध्ये वर एक छत असतं, शून्य, त्याच्या वर जायचंच नाही, गेलं की आवाज फाटतो. मग आवाज वाढवायचा कसा? तर भाताचं पोतं भरतात तसं. पोतं तेवढंच, पण हलवून हलवून, आपटून, गुडघ्यानं दाबून भरलं की माल जास्त बसतो. कंप्रेसर नावाचं जे असतं ते उंच उंच टोकं दाबतं, टोकं दबली की वर जागा होते, मग अख्खा आवाजच वर उचलायचा, परत टोकं लागली की लिमिटर त्यांना छतापाशी थांबवतो. शेठ म्हणालेले "अजून", स्टुडिओवाल्यानं अजून दाबलं, शेठ म्हणाले "त्या दुसऱ्या पेढीची जाहिरात ह्याच्यापेक्षा मोठी वाजालीय", अजून दाबलं, वर तुतारी घातली. तुतारी, झांज, बाईचा टिपेचा आवाज, ह्या सगळ्याचा बराच जोर दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, जिथं माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो. मी मान डोलावून "भारी झालंय" म्हटलेलं आणि शेठच्या पैशाचा कुंदा खाऊन आलेलो.

दुसऱ्या पेढीनं अर्थातच पुढच्या महिन्यात आपली आणखी दाबून आणली. तीन वर्षं हेच चाललेलं. छत सगळ्यांना एकच, त्यामुळं कोण कुणाच्या वर जाऊ शकत नव्हतं, नुसती पोती घट्ट होत गेली. आणि आमच्या मुलाखती मात्र तशाच, कॉलरला माइक, वर पंखा, पाहुणा लाजरा.

(आवाजाचं राजकारण आमच्याकडं वेगळंच आहे. ह्याच शेठच्या जाहिरातीचं कन्नड व्हर्जन हुबळीला रेकॉर्ड झालेलं आणि मराठी हितं, दोन्हीत चार-पाच डीबी इकडंतिकडं, तर एका साहेबांचा फोन, कन्नड मोठ्यानं लावून मराठी मुद्दाम दाबालाय तुम्ही. मी मराठी वर उचललं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूचा फोन. सीमाभागात डीबीला पण मातृभाषा असती.)

बाईंनी विचारलं, "ह्याला बटण नाही काय? खाली करायचं?"

बटण होतं की एकेकाळी. मी लागलो तेव्हा ॲनालॉग केबल होती, प्रत्येक च्यानलला एक मॉड्युलेटर, रॅकमध्ये ओळीनं लावलेले, आणि प्रत्येकावर आवाजाचा एक छोटा नॉब. कानाला इअरफोन लावून एकेक च्यानल ऐकायचं आणि छोट्या स्क्रूड्रायव्हरनं बसवायचं. तेव्हा लोकांची तक्रार वेगळी असायची, च्यानल बदललं की आवाज उडतो. पण जाहिरातीचं तेव्हापण काही करता यायचं नाही, नॉब फिरवला की कार्यक्रम पण खाली जायचा. आता तर बाहेरचे च्यानल जसे येतात तसे पुढं जातात, आम्ही हात लावत नाही. पण आमचं स्वतःचं च्यानल? तिथं फाईल माझ्याच हातात. म्हणजे बटण मीच.

हे बाईंना सांगताना जरा अडखळलो.

तेवढ्यात एडिटरनं मोबाईलवर काय काय काढलं. आपल्याकडं १९९४ च्या केबल नियमांत सातव्या नियमातच लिहिलंय की जाहिरातीचं चित्र आणि आवाज अति "लाउड" नसावा. अति म्हणजे किती, त्याचा आकडा तिथं नाही. बाई म्हणाल्या, "एकक न लिहिलेलं उत्तर. मी शून्य दिला असता." मोजायची पद्धत म्हणाल तर ती २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं ठरवून दिली, २०१० ला युरोपच्या ब्रॉडकास्टरांनी सगळ्याची सरासरी −२३ धरली, अमेरिकेत −२४ आहे. अमेरिकेत तर कायदाच केला, जाहिरात कार्यक्रमापेक्षा मोठी वाजवायची नाही म्हणून, १३ डिसेंबर २०१२ पास्नं लागू. कॅलिफोर्नियाच्या खासदार ॲना एशू यांनी तो आणलेला, घरी जेवताना जाहिरातीच्या आवाजानं वैतागून. बाईंना हे फार पटलं. म्हणाल्या, "तिच्याकडं पण काहीतरी सांडलं असणार."

त्या मोजणीतली एक गोष्ट मला नीट समजत नव्हती ती बाईंनीच सोडवली. सरासरी काढायची म्हटलं तर मुलाखतीत मधे मधे शांतता असते ना, पाहुणा विचार करतो, पाणी पितो, ती शांतता धरली तर सरासरी उगाच खाली येणार. म्हणून मीटर काय करतं, फार हळू भाग आहे तो मोजणीतनं बाहेर काढतं. गेटिंग म्हणतात त्याला. मी हे वाचून दाखवालतो तर बाई म्हणाल्या, "बरोबर आहे की. गैरहजर पोरं सरासरीत धरत नाहीत."

चहा आला, बाईंनी अर्धा घेतला, वहीच्या पानांचे फोटो काढू दिले पण वही दिली नाही. जाताना जिन्यात म्हणाल्या, "सोमवारपास्नं नवीन पान चालू करते." ही धमकी होती का काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मालक गोव्याला होते. फोन केला तर म्हणाले कर तुला काय करायचं ते, पण जाहिरातदार ओरडला तर तू बघायचं. ती रात्र आम्ही दोघांनी बसून काढली. लिस्टवर ४३ जाहिराती, एकेक टाकून मोजायची, −२३ वर आणायची. नुसतं खाली ओढायचं म्हणजे सोपं असतंय. अवघड मुलाखतीच, वर उचलल्या की पंख्याचा घरघराट पण वर, तिथं थोडं थोडं दाबून, थोडं साफ करून घ्यायला लागलं. रात्री दीडला लाईट गेली, यूपीएसची टीं टीं सुरू, एडिटर म्हणाला ह्याचा लाउडनेस किती ओ मोजूया काय. सकाळी सहाला भजन लागलं आणि मधे उदबत्तीची जाहिरात आली, आणि काहीच झालं नाही. म्हणजे जाहिरात आली हेच दोन सेकंद कळलं नाही. आम्ही दोघं स्पीकरकडं बघत बसलो.

नऊ वाजता शेठचा फोन. "आमची जाहिरात पडली की ओ."

"पडली नाही शेठ, चालू आहे."

"चालू आहे, पण पडलीय. घरात सगळे बोलालेत. पैसे वाजवून घेता आणि जाहिरात वाजवत नाही?"

पेढीवर गेलो. गणपतीच्या तोंडावर गर्दी, चांदीच्या दूर्वा, मोदक, उंदीर काउंटरवर पसरलेले. शेठनी मला आतल्या गादीवर बसवलं, पाणी दिलं नाही, त्यावरनं अंदाज आला. मी लाउडनेस वगैरे काही बोललोच नाही, मोबाईल काढून बाईंच्या वहीचे फोटो पुढं केले. शेठ हिशेबाचा माणूस, रकाने दिसले की वाचणारच. एकोणीस दिवसांत बाईंनी त्यांची जाहिरात ३१ वेळा नोंदवलेली, त्यातल्या २७ पुढं एकच शब्द. म्यूट. शेठ बोट लावून एकेक ओळ मोजालते, माझ्यावर विश्वास नव्हता.

मग त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर स्वतःची जाहिरात लावली आणि घड्याळ बघितलं. ढोल, तुतारी, नथ घातलेली बाई, दागिने गोल फिरतात, आणि पेढीचं नाव येतं अठराव्या सेकंदाला.

"म्हणजे ह्या बाईंनी माझं नाव कधी ऐकलंच नाही?"

मी म्हटलं, "चार वेळा. रिमोट सापडला नाही तेव्हा."

बराच वेळ ते चांदीचा एक उंदीर हातात घेऊन फिरवत राहिले. मग म्हणाले, "नाव पहिल्यांदा घ्या मग."

"आणि आवाज?"

"आवाज तुम्हाला काय करायचं ते करा. पण त्या दुसऱ्या पेढीवाल्याचा माझ्यापेक्षा जास्त नको. अर्धा पॉइंट पण नको."

म्हटलं दोघांचा −२३. त्यांनी ते एका पावतीच्या मागं लिहून घेतलं आणि मला पाणी मागवलं.

स्टुडिओवाल्यानं नवीन करून दिली त्यात पण एक चलाखी होतीच, सवय जात नाही. पहिल्यांदा नाव, मग बारा सेकंद बासरी, ऐकू येईल न येईल अशी, आणि शेवटी परत तोच ढोल कान फाडणारा. म्हणाला सरासरी बसते की. मीटरमध्ये टाकली तर −१४. बासरी इतकी हळू होती की मीटरनं ती मोजणीतनंच काढून टाकलेली, उरला नुसता ढोल. मी फोन करून सांगितलं, तुझी बासरी गैरहजर आहे. त्याला काय कळलं नाही, पण ढोल कमी केला.

अनंत चतुर्दशीला आम्ही विसर्जन मिरवणूक लाइव्ह दाखवतो, कपिलेश्वर तलावापर्यंत, रात्रभर. त्या गडबडीत बाईंचा फोन. मागं डॉल्बी, एका कानात बोट घालून ऐकालतो.

"मुलाखत २९, सराफ २९," बाई म्हणाल्या. "शेरा रकाना रिकामा आहे."

म्हटलं बरं झालं बाई. सर कसे आहेत?

"बरे आहेत. पण अरे, तुमचं च्यानल झालं की आम्ही मालिका बघतो, मुंबईच्या च्यानलवर. तिथं मालिका ३४ आणि साबण १९. त्यांची वेगळी वही घातलीय मी. त्यांचं ऑफिस कुठं आहे?"

मी सांगितलं, मुंबईत बाई, मोठी बिल्डिंग असणार.

"लिफ्ट असेल ना?" त्या म्हणाल्या.